पॅक बदलला की मराठी चॅनल गायब : "पीछे से बंद है" ऐकलं की काय काय तपासायचं

इंदूरला ज्यांच्या घरी केबल आहे आणि घरात मराठी बघितलं जातं, त्यांचा हा प्रॉब्लेम एकदा सुटला म्हणून सुटत नाही. पॅक बदलले, रेट बदलले, केबलवाल्याचं सॉफ्टवेअर बदललं, की परत उगवतो. टीव्ही चालू असतो, हिंदी सीरियल चालू असतात, न्यूजवाले भांडत असतात, कुठल्याशा भोजपुरी सिनेमातली हाणामारीपण झक्क दिसते आणि मराठीचा नंबर दाबला की काळा स्क्रीन नि त्यावर इंग्रजीत एक ओळ. वेळ संध्याकाळी सातची, म्हणजे सासूबाई नाहीतर आई चहा संपवून समोर येऊन बसलेल्या, त्यांना ती ओळ वाचून दाखवून काय उपयोग. केबलवाल्याला फोन लावला की उत्तर ठरलेलं, "मैडम, पीछे से ही बंद है, एक-दो दिन में आ जाएगा." बरेचदा येत नाही. आणि कधी आपोआप आलंच तर पुढच्या वेळी तसंच आपोआप जातं, कारण मुळात गेलं कशामुळे ते कोणी बघितलेलंच नसतं.

मी अकाउंट्सवाली आहे, टेक्निकल डिग्री वगैरे काही नाही, पण बिल हातात आलं की खालपर्यंत वाचायची सवय आहे. लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग इकडच्या ओळखीच्या काकू-मावश्यांचे फोन येत असतात, प्रत्येकीला तेच परत सांगावं लागतं, म्हणून एकदा सलग लिहून टाकते.

आधी हे बघा की फक्त मराठी गेलंय की सगळंच. सगळंच गेलं असेल तर वायर, बॉक्स किंवा रिचार्ज, ते खाली लिहिलंय. फक्त मराठी गेलं असेल तर स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा, फोनवर "कुछ लिखा हुआ आ रहा है" सांगून काहीच कळत नाही. चॅनल सबस्क्राइब केलेलं नाही किंवा ऑथराइज्ड नाही अशा अर्थाचं काही असेल तर सिग्नल तुमच्या घरापर्यंत येतोय, फक्त तुमच्या बॉक्सला ते चॅनल उघडायची परवानगी नाहीये. हे सगळ्यात जास्त होतं. नो सिग्नल लिहिलं असेल किंवा चित्राचे चौकोन-चौकोन होत असतील तर तो सिग्नलचा मामला, पॅकशी संबंध नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर बरीच चॅनल एकत्र येतात, ती फ्रिक्वेन्सी कमजोर पडली की तो अख्खा गठ्ठा जातो नि बाकी सगळं ठणठणीत दिसतं, म्हणून "बाकी चॅनल दिसतात म्हणजे वायर ठीकच आहे" असं धरून चालू नका. आणि नंबर दाबल्यावर भलतंच चॅनल लागलं किंवा असा नंबरच नाही असं आलं तर नंबर बदललाय, नाहीतर चॅनल त्या नेटवर्कवरूनच काढलंय.

नंबर बदललेला असेल तर ते सोपं आहे. नियम असा आहे की एका प्रकारची एका भाषेची चॅनल यादीत एकाला एक लागून असली पाहिजेत, आणि एकदा दिलेला नंबर किमान एक वर्ष बदलायचा नाही. दुसरा नियम किती पाळला जातो ते तुम्हाला माहितीच आहे, पण पहिल्याचा फायदा असा की एखादं मराठी चॅनल सापडलं की वर-खाली बटण दाबून त्याचे शेजारीपण सापडतात. आईंच्या रिमोटवर फेव्हरिट लावून दिलं असेल तर त्यात जुनाच नंबर राहतो, ते परत लावून द्या. घाईघाईत बॉक्स फॅक्टरी रिसेट मात्र करू नका, काही बॉक्स नंतर फ्रिक्वेन्सी आणि नेटवर्क नंबर विचारत बसतात आणि तो केबलच्या मुलाशिवाय कोणाला माहीत नसतो. करायचंच असेल तर सेटिंगच्या पानाचा फोटो आधी काढून ठेवा.

आता मुख्य मुद्दा, परवानगी का जाते आणि आपल्याकडे मराठीचीच का जाते.

इंदूर डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातलं शहर, मुदत होती ३१ मार्च २०१३. त्याच्या आधी वायर लावली की जे येईल ते सगळं दिसायचं, महिन्याचे ठरलेले पैसे द्यायचे, कोणतं चॅनल कोणाला हा प्रश्नच नव्हता. बॉक्स आल्यावर प्रत्येक चॅनलला कुलूप लागलं, तरी काही वर्षं ऑपरेटर (म्हणजे आपला गल्लीतला केबलवाला, त्याला सिग्नल देणारी मोठी केबल कंपनी वेगळी) बहुतेक सगळं उघडंच ठेवायचे. खरा बदल १ फेब्रुवारी २०१९ ला झाला, ट्रायचे, म्हणजे केबल-टेलिफोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे दर लागू झाले, १०० एसडी (साध्या क्लॅरिटीच्या) चॅनलचं नेटवर्क भाडं, म्हणजे सिग्नल घरपोच करायचे पैसे, जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पे चॅनलचे पैसे वेगळे. फॉर्म भरायचे होते, ज्यांनी चॅनल निवडले नाहीत त्यांना बेस्ट फिट प्लॅनमध्ये टाका असं ट्रायने सांगितलं. तो प्लॅन घरात काय बघितलं जातं, कोणती भाषा बोलली जाते आणि कोणती चॅनल लोकप्रिय आहेत ते बघून बनवायचा होता. आता इंदूरच्या कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला रामबागेतल्या तिसऱ्या माळ्यावर मराठी बोलतात हे कुठून कळणार, त्याच्या कंप्युटरमध्ये एमपी म्हणजे हिंदी. गठ्ठ्याने सगळे हिंदीत गेले.

आणि तेव्हापासून दर बदलाला हेच. २०२० मध्ये १३० रुपयांत १०० च्या जागी २०० चॅनल द्यायचे ठरले, पॅक परत बनले. नोव्हेंबर २०२२ मध्ये परत दुरुस्ती आली, १९ रुपयांपेक्षा महाग चॅनल गठ्ठ्यात (बरीच चॅनल मिळून एका दरात विकतात तो पॅक) टाकता येणार नाही म्हणून, ती १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. त्याच महिन्यात नव्या करारांवरून मोठे ब्रॉडकास्टर (चॅनल चालवणारे) आणि केबल कंपन्या यांचं जुंपलं नि काही दिवस देशभर लाखो घरांत चॅनल बंद पडली. तेव्हा मात्र "पीछे से बंद है" हे अक्षरशः खरं होतं हो. मग ८ जुलै २०२४ ला नेटवर्क भाड्यावरची वरची मर्यादाच काढून टाकली, आता कंपनी आपापला दर लावू शकते, एरियाप्रमाणे वेगवेगळासुद्धा, फक्त तो जाहीर करायचा. म्हणजे आता भोपाळच्या भाचीचं बिल नि तुमचं बिल जुळत नसेल तर त्यात फसवणूकच असेल असं नाही.

प्रत्येक वेळी होतं काय, की जुने पॅक बंद होतात आणि हजारो बॉक्स एका झटक्यात नव्या पॅकवर चढवले जातात. जुना "हिंदी फॅमिली" होता तर नवा "एमपी व्हॅल्यू", असं एक कोष्टक कोणीतरी बनवलेलं असतं. त्या कोष्टकात मुख्य पॅकला जागा असते, तुम्ही मागे कधीतरी भांडून वरून टाकून घेतलेल्या दोन मराठी चॅनलना नसते. लहानशा ऑपरेटरकडे तर ती फक्त त्याच्या डायरीत किंवा व्हॉट्सॲपवर असतात, सिस्टिममध्ये पॅक संपला की ती पण संपतात, मग त्याने लक्षात ठेवून परत टाकायची. तो विसरतो, त्याच्याकडे शेकडो घरं आहेत. त्या मुलावर ओरडून काही होत नाही हे मी सगळ्यांनाच सांगते, त्याच्या हातात पॅक बनवणं नसतंच.

अजून एक कारण आहे, ते लोकांना माहीत नसतं. ट्रायच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांत (ब्रॉडकास्टर आणि केबल कंपनी यांच्यातल्या व्यवहाराचे नियम) असं आहे की एखादं चॅनल मागच्या सहा महिन्यांत कंपनीच्या त्या भागातल्या सरासरी पाच टक्के किंवा त्याहून कमी ग्राहकांनीच घेतलेलं असेल तर पुढचं वर्षभर ते नेटवर्कवर ठेवायचं बंधन केबल कंपनीवर राहत नाही. आपण इंदूरला मराठी कितीही असलो, राजवाड्याच्या आजूबाजूला, नारायण बागेत, टिळक नगरात कितीही घरं असली तरी अख्ख्या शहराच्या कनेक्शनमध्ये एखादं नवीन मराठी चॅनल पाच टक्क्यांच्या वर जाणं कठीणच. त्यामुळे मोठी तीन-चार चॅनल राहतात नि लहान चॅनल येऊन-जाऊन असतात. तुमचं चॅनल असं हेडएंडवरूनच, म्हणजे कंपनीच्या मुख्य केंद्रावरूनच, गेलं असेल तर कितीही फोन करा, परवानगी देणार कशाची? कंपनीच्या साइटवर चॅनल लिस्ट असते, त्यात नाव आहे का ते आधी बघा. नसेल तर वेळ घालवू नका, सरळ शेवटच्या भागात या.

नाव लिस्टमध्ये आहे आणि तुम्हाला दिसत नाही, तर मग पुढचं करा.

बॉक्सचा नंबर आणि व्हीसी नंबर (बॉक्समधल्या कार्डाचा नंबर) काढा, बॉक्सच्या खाली स्टिकर असतं किंवा मेनूत माहितीच्या पानावर असतो. कार्ड नसलेल्या बॉक्सलाही नंबर असतोच. तो नंबर टाकून कंपनीच्या ॲपमध्ये किंवा टोल फ्री नंबरवर विचारा की माझ्या बॉक्सवर ह्या क्षणाला काय काय चालू आहे, नावासकट. कंपनीला विचारा, ऑपरेटरला नको. ऑपरेटर सांगतो ते त्याला वाटतं ते असतं, आणि सिस्टिममध्ये दिसतं तेच खरं. बऱ्याच घरांत इथेच उलगडा होतो, सासरे दर महिन्याला कॅश देतात मराठीसकट म्हणून आणि सिस्टिममध्ये रिचार्ज साध्या पॅकचा झालेला असतो. त्यात दर वेळी लबाडीच असते असं नाही, पॅकचं नाव बदललं नि त्याने वरचं पहिलं बटण दाबलं असंही होतं. पण पावती मागा. पावतीवर पॅकचं नाव आणि चॅनलचं नाव, नुसती रक्कम चालणार नाही.

यादी हातात आली की त्यात एक गोष्ट शोधा. मोठ्या ब्रॉडकास्टरचा प्रत्येकाचा भाषेप्रमाणे वेगळा गठ्ठा असतो, हिंदीचा एक, मराठीचा एक. आणि मराठीच्या गठ्ठ्यात बरेचदा त्याच कंपनीची मुख्य हिंदी चॅनल असतातच, वर मराठी सीरियलचं नि मराठी सिनेमाचं चॅनल जास्तीचं. तर मागायचं असं की हिंदीचा गठ्ठा काढून त्याच ब्रॉडकास्टरचा मराठीचा लावा. लोक काय करतात, "भैया, मराठी चालू कर दो" म्हणतात, तो हिंदीचा तसाच ठेवून त्यावर मराठीचा चढवतो, आणि जी चॅनल दोन्हीत आहेत त्यांचे पैसे दोनदा जातात. मी जितकी बिलं बघितली त्यात सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जाताना दिसला. बदली करताना यादी मात्र शेजारी शेजारी ठेवून वाचा, लहान मुलांचं किंवा स्पोर्ट्सचं एखादं चॅनल हिंदीवाल्यात असतं नि मराठीवाल्यात नसतं, मग मराठी आलं म्हणून आई खूश नि क्रिकेट गेलं म्हणून बाबा नाराज, घरात दुसरंच सुरू होतं.

दोन-तीनच चॅनल हवी असतील तर गठ्ठा घ्यायचीसुद्धा गरज नाही. कुठलंही पे चॅनल सुटं घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, ते सुटं द्यावंच लागतं, "अकेला नहीं मिलता मैडम, पैक लेना पड़ेगा" हे चुकीचं आहे आणि तसं स्पष्ट सांगा. हिशोब असा : चॅनलची किंमत १९ रुपये असेल तर जीएसटी धरून २२ रुपये ४२ पैसे, अशी दोन घेतली तर महिन्याला ४४ रुपये ८४ पैसे. तुमच्या चॅनलची आजची किंमत चॅनल लिस्टमध्ये नावासमोर लिहिलेली असते, ती बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. गठ्ठा स्वस्त पडतो की सुटं हे घरात काय बघतात त्यावर आहे, एकाच ब्रॉडकास्टरची तीन-चार चॅनल बघत असाल तर गठ्ठा, वेगवेगळ्यांची एक-एक बघत असाल तर सुटं. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्यांनी सुटंच घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. कारण दर बदलले की गठ्ठ्यांची नावं नि आतली चॅनल बदलतात, सुट्या चॅनलची फक्त किंमत बदलते, नाव तेच राहतं. मग ते गेलं तर बोट ठेवून सांगता येतं की हे, ह्या नावाचं, माझ्या यादीत होतं.

फोनवर बोलण्यापेक्षा ऑपरेटरला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, हिंदीतच पाठवा म्हणजे तो तसाच पुढे ढकलतो : "भैया, बॉक्स नंबर इतना, ये दो चैनल अलग से चालू करना है, हिंदी वाला पैक हटाकर मराठी वाला लगाना है, कितना होगा बता दो फिर पेमेंट करती हूँ." चॅनलचं नाव पूर्ण लिहा. नुसतं "ज़ी वाला मराठी" लिहिलं की मिळती-जुळती नावं इतकी आहेत की न्यूजचं चालू होतं नि सीरियलचं राहतं. एसडी की एचडी तेही लिहा, एचडीची किंमत वेगळी असते आणि बॉक्स एसडीचा असेल तर एचडी चॅनल दिसणारच नाही, पैसे मात्र जातील.

मराठी न्यूजचं थोडं वेगळं आहे. त्यातली काही चॅनल फ्री टू एअर असतात, म्हणजे त्यांचे वेगळे पैसे नाहीत, नेटवर्क भाड्यात जी ठराविक चॅनल मिळतात त्यात ती बसवून घ्यायची. ही निवडायचा हक्क पण ग्राहकाचाच आहे. बेस पॅकमध्ये ज्या भाषा तुमच्या घरात कोणालाच कळत नाहीत त्यांची चॅनल भरलेली असतात, दोन काढून दोन मराठी न्यूज टाका म्हणायचं. करायला कुरकुर करतील, पण होतं. सह्याद्री बहुतेक करून बेसमध्येच असतं, दूरदर्शनची ठरवून दिलेली चॅनल दाखवणं केबलवर कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि २०२० मध्ये ती त्या २०० च्या मोजणीत धरायची नाहीत असं ठरलं होतं. त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

घरात दोन टीव्ही असतील तर दोन्ही बॉक्सवर सारखंच हवं असं नाही. प्रत्येक बॉक्सला वेगळी चॅनल निवडता येतात. ज्या खोलीत मराठी बघतात त्याच बॉक्सवर मराठी लावा, मुलांच्या खोलीत कशाला. दुसऱ्या टीव्हीचं नेटवर्क भाडं पूर्वी पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नव्हतं, २०२४ नंतर ते बंधन राहिलं नाही, तेव्हा दुसऱ्या बॉक्सचं भाडं वेगळं विचारून घ्या, बिलात ते दिसलं पाहिजे.

बरं, ऑपरेटर म्हणतो "कर दिया" आणि स्क्रीन काळाच. इथे धीर धरायचा. परवानगीचा मेसेज केबलमधूनच बॉक्सला येतो आणि तो यायला बॉक्स चालू असावा लागतो. तेच चॅनल लावून अर्धा तास तसंच राहू द्या, सारखं नंबर बदलत बसू नका. आपल्याकडे रात्री मेन स्विचच बंद करायची सवय असते, वीजबिलासाठी चांगलीच आहे, पण रात्री सोडलेला मेसेज मग बॉक्सला मिळत नाही नि सकाळी मराठी बंदच. घर बंद करून पुण्याला किंवा नागपूरला जाऊन आलात की हेच होतं, इतके दिवस बॉक्स बंद असल्यामुळे परवानगी जुनी होऊन जाते. अशा वेळी ऑपरेटरला किंवा कस्टमर केअरला "बॉक्स रिफ्रेश मार दो" म्हणायचं, काही जण रिट्रॅक म्हणतात, ते परत मेसेज सोडतात. बॉक्स चालू ठेवूनच फोन करा. कार्डवाला बॉक्स असेल तर बंद करून कार्ड काढा, सुक्या मऊ कापडाने पुसा, परत घाला. साबण-पाणी नको, एका काकांनी केलंय म्हणून लिहितेय.

वायरचं पटकन सांगते. मेनूत सिग्नलचं पान असतं, स्ट्रेंग्थ नि क्वालिटी, क्वालिटी खालीवर नाचत असेल तर वायर. पावसाळ्यात गच्चीवरच्या जॉइंटमध्ये पाणी जातं, उन्हाळ्यात माकडं, बाकी वर्षभर नगर निगमचं खोदकाम. घरात दोन टीव्हीला एकाच वायरीतून स्प्लिटर लावला असेल तर सिग्नल वाटला जातो, प्रत्येक बाजूला निम्म्याहूनही थोडा कमीच पोचतो, आणि कमजोर फ्रिक्वेन्सीवरची चॅनल आधी जातात. तपासायला स्प्लिटर काढून मुख्य वायर सरळ बॉक्सला लावा, मराठी आलं तर स्प्लिटर बदला, स्वस्तात मिळतो. वायरीच्या टोकाची पिन हाताने घट्ट करा, आतली तांब्याची तार काळी पडली असेल तर टोक कापून नवीन पिन लावायला सांगा. शेजारच्यांकडेपण चौकोन दिसत असतील तर तुमच्या घरात काही शोधू नका, पोलवरचा ॲम्प्लिफायर आहे, ते त्यांचं काम.

आता समजा नाव लिस्टमध्ये आहे, पैसे दिलेत, बॉक्स रिफ्रेश झालाय, वायर ठीक आहे, तरी चालू होत नाही. मग ऑपरेटरचा पिच्छा सोडा. कंपनीच्या टोल फ्रीवर तक्रार लिहवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घ्या. नंबर दिल्याशिवाय फोन ठेवू देऊ नका, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. त्यांनी काही केलं नाही तर कंपनीचा नोडल ऑफिसर (न सुटलेल्या तक्रारी बघणारा अधिकारी) असतो, त्याचं नाव-नंबर कंपनीच्या साइटवर असलं पाहिजे आणि ९९९ नंबरच्या चॅनलवर ग्राहकांसाठीची माहिती चालू असते, तिथेही बघा. नोडल ऑफिसरला मेल करताना डॉकेट नंबर, पावतीचा फोटो, स्क्रीनचा फोटो आणि चॅनल लिस्टचा स्क्रीनशॉट, एवढंच, तीन पानांची कैफियत नको, ती कोणी वाचत नाही. लोक सरळ ट्रायला लिहितात, पण एकेकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही, ते परत कंपनीकडेच पाठवतात. पैसे घेऊन चॅनल दिलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, हिंदीत बोलतात, ॲपवरूनही करता येतं. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या मामल्याला फी लागत नाही, पण ४५ रुपयांच्या चॅनलसाठी तिथपर्यंत जायचं का हे तुम्हीच ठरवा. माझ्या बघण्यात १९१५ चा नंबर मेलमध्ये लिहिला की बरेचदा पुढे जावंच लागत नाही.

एक काम आत्ताच करून ठेवा, मराठी चालू असतानाच. ॲपमधल्या चॅनल यादीचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाका. नवे दर बहुतेक वर्षाच्या सुरुवातीला येतात, त्याआधी स्क्रीनखाली पट्टी फिरायला लागते, बारीक अक्षरांत, ती कोणी वाचत नाही. ती दिसली की ऑपरेटरला आधीच लिहून टाका की पॅक बदलला तर हे-हे तसंच ठेवायचं. एकाच बिल्डिंगमधल्या तीन-चार मराठी घरांनी मिळून पाठवलं तर तो जास्त ऐकतो, एकटीचा मेसेज खाली जातो. आणि वार्षिक पैसे एकदम भरू नका, सूट कितीही गोड वाटली तरी, मध्येच चॅनल गेलं तर मग भांडत बसा.

शेवटचं, ज्यांचं चॅनल नेटवर्कवरूनच गेलंय त्यांच्यासाठी. एक, घरात वायफाय आणि स्मार्ट टीव्ही असेल तर त्या चॅनलचं ॲप बघा. स्टार प्रवाह नि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर असतात. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ॲप उघडायला लावणं म्हणजे रोज सातला तुम्हाला हाक येणार, हे धरून चाला. दोन, केबल सोडून डिश लावा, डीटीएचवाल्यांकडे (गच्चीवर छत्री लावून सरळ उपग्रहावरून चॅनल देणारे) मराठीचे पॅक मिळतात, एमपी असलं तरी. तीन, दूरदर्शनची डीडी फ्री डिश, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री नक्की, बाकी मराठी चॅनल लिलावात जागा घेतात त्याप्रमाणे येतात-जातात, मोठ्या पे चॅनलची आशा धरू नका. त्याची छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला लावावी लागते, म्हणजे गच्चीवर त्या बाजूला उंच बिल्डिंग आडवी नको, लावायच्या आधी मिस्त्रीला वर नेऊन दाखवा. आणि केबल सोडायचीच ठरली तर आधी बघा बॉक्स विकत घेतलेला आहे की भाड्याचा, भाड्याचा असेल तर तो परत दिल्याची सही-तारखेसकट पावती घ्या आणि डिपॉझिट मागा, न मागता ते कोणी घरी आणून देत नाही.